मधलं माणूस

लुंबिनीचं पत्र आलं तेव्हा चिंचेचा हंगाम संपत आला होता. निळं आंतरदेशीय पत्र होतं. हल्ली ते कुठे मिळतं, याचंच मला आधी नवल वाटलं. मी ते दोनदा वाचलं आणि उद्या उत्तर लिहू म्हणालो. उद्या मजकूर जुळला नाही, परवाही नाही. असं करत सगळा उन्हाळा त्या पत्रावरून निघून गेला.

पत्रात मोठं काही नव्हतं. "आजोबा, तुम्ही फोनवर बोलत नाही म्हणून लिहिते. नांदेडच्या प्रशिक्षणाची पहिली तुकडी गेली. दुसरी जूनमध्ये आहे, तीन महिने तिथंच राहायचं. गटानं मंजुश्रीवहिनींचं नाव दिलं होतं, पण त्या नको म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, अण्णांचं कोण करील? मला तुम्हालाच विचारायचं आहे. तुमच्यासाठी त्यांना खरंच थांबावं लागतं का? लागत असेल तर तसं लिहा. मी पुन्हा विचारणार नाही."

अण्णा म्हणजे मी. निलंग्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर गावी येऊन राहिलो. निलंग्यापासून एसटीनं पाऊण तास. आणखी थोडं पुढे गेलं की कर्नाटक लागतं. मंजुश्री माझी सून. तिचं माहेर भालकीकडचं, घरात कन्नड बोलणारं. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम येत होतं आणि मला माणसांशी बोलणं जेमतेम येत होतं. त्यात आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. ही रीत मोडायला घरात कोणीतरी धीट असावं लागतं. आमच्या घरात तसं कोणी नव्हतं.

म्हणून मधे एक माणूस लागायचं. आधी माझी बायको होती. ती गेल्यावर नातू बसवराज होता. "आजोबा, आई विचारतीय, भात घालू का?" असं तो उंबऱ्यात उभा राहून ओरडायचा. मग तोही बारावीच्या क्लाससाठी लातूरला गेला, आणि मधे कोणी उरलं नाही. तेव्हापासून आम्ही हवेत बोलू लागलो. ती आतून म्हणायची, "चहा झालाय म्हणावं." मी बाहेरून म्हणायचो, "आणून ठेव म्हणावं." घरात दुसरं माणूस नसतानाही आम्ही त्याला निरोप देत होतो.

लुंबिनी आली ती जानेवारीत. किनवटची पोरगी, वडील तिकडे वसतिगृहावर नोकरीला. नांदेडला समाजकार्याचं शिकत होती. कॉलेजनं एका संस्थेमार्फत तिला आमच्या गावच्या बचत गटाकडे इंटर्नशिपला पाठवलं होतं. बायकांचा छोटा धंदा उभा करायला मदत करायची, असं तिचं काम. माझ्या पुस्तकांची खोली रिकामीच होती, म्हणून गटानं तिला आमच्याकडे ठेवलं.

माझा मुलगा संगमेश्वर निलंग्याला एका कृषी सेवा केंद्रात काम करतो, दिवसभर तिकडेच असतो. पहिल्या दिवशी त्यानं तिला विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

"मुनेश्वर. बौद्ध आहोत आम्ही," ती म्हणाली. "आडनावाचं झालं असेल तर न्हाणी कुठं आहे ते दाखवा ना. सकाळपासून एसटीत बसून आहे मी."

तेवढ्यात मंजुश्री आमच्याच कपबशीत चहा घेऊन आली आणि लुंबिनीला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. संगमेश्वर नुसता बघत राहिला. मी पुस्तकात मान घातली. खरं तर त्याला गप्प करायला मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण ते माझ्याआधी सुनेनंच न बोलता करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं नेहमीचं सुरू झालं. मी लिंगपूजा आटोपून ओसरीवर बसलो होतो. लुंबिनी उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होती.

"चहा झालाय म्हणावं," आतून आवाज आला.

लुंबिनीनं इकडेतिकडे पाहिलं. "कोणाला सांगून राहिल्या वहिनी?"

"तुला. तू सांग त्यांना."

"ते ऐकून राहिले ना जी! चार हातांवर तर बसलेत."

"तरीबी तूच सांग."

लुंबिनी उठून माझ्यासमोर ताठ उभी राहिली. "आजोबा, चहा झाला असल्याचं आतून निवेदन आलेलं आहे."

मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "निवेदन स्वीकारलं आहे म्हणावं."

आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मंजुश्रीचं हसणं. इतक्या वर्षांत तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. निदान मला तरी दुसरं आठवत नाही.

पुढचे दिवस बरे गेले. गटातल्या बायका महादेवाच्या देवळाच्या सभामंडपात चिंच फोडायच्या. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोका वेगळा करायचा आणि गोळा व्यापाऱ्याला द्यायचा, इतकंच त्यांचं काम होतं. लुंबिनीनं विचारलं, "ह्याचं तुम्ही घरी काय करता?" तेव्हा मंजुश्रीनं माहेरची चटणी करून दाखवली. भाजलेलं कारळ, लाल मिरची, लसूण, गूळ आणि चिंच. ती बांधून विकायची असं ठरलं. मग रोज वाटीभर चटणी माझ्यापुढे येऊ लागली.

"आजोबा, चव सांगा."

"मला काय कळतं त्यातलं?"

"तुम्ही वहिनींच्या हातचं रोज खाता. तुम्हाला नाही कळणार तर कोणाला?"

मी घाबरत म्हणालो, "कारळ किंचित जास्त भाजलं गेलं असावं. माझी चूकही असेल."

लुंबिनी आत जाऊन म्हणाली, "कारळ करपलं म्हणतात." मी तसं म्हणालो नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी चटणी बरोबर जमली होती. लेबलावरचा मजकूर मला लिहायला सांगितला, त्याचे मी इतके खर्डे केले की शेवटी लुंबिनीनं वही ओढून घेतली आणि वरचे तीन शब्द तेवढे ठेवले : चिंच-कारळ चटणी. लातूरच्या प्रदर्शनात पहिल्याच दुपारी गटाचा सगळा माल संपला. तिथे मंजुश्री गिऱ्हाइकांशी मराठी, कन्नड, हिंदी अशा तिन्ही भाषांत बोलत होती, असं लुंबिनीनं मला येऊन सांगितलं. मला खरं वाटेना. माझ्या घरातल्या त्या बाईला इतकं बोलता येत होतं!

मार्च संपता संपता लुंबिनी परत गेली. जाताना नांदेडच्या प्रशिक्षणाचं सांगून गेली. माल टिकवायचा कसा, परवाना कसा काढायचा, दुकानदाराशी कसं बोलायचं, सगळं तिथे शिकवणार होते. गटातून एकीलाच जाता येणार होतं. बायकांनी मंजुश्रीचं नाव घेतलं.

त्या संध्याकाळी संगमेश्वर आत जेवत होता आणि मी भिंतीच्या अलीकडे खुर्चीत होतो.

"मी कुठं नको म्हणून राहिलो?" तो म्हणत होता. "जा की. फक्त अण्णांचं कोण करंल तेवढं सांगून जा. दिवाळीला न्हाणीत पडले, तवा तू घरात होतीस म्हणून निभलं."

ते खरं होतं. मी पडलो होतो. कोपर प्लास्टरमध्ये होतं.

माझ्या हातात पुस्तक होतं. पान उलटलं तर आवाज होईल म्हणून मी तेही उलटलं नाही. एरवी मी खोलीत शिरायच्या आधी खाकरतो, म्हणजे सुनेला पदर सावरता येतो. त्या वेळी मी खाकरलोसुद्धा नाही.

"न्हाई जमायचं म्हणून कळवते," मंजुश्री म्हणाली.

त्यानंतर ते पत्र आलं.

मी काय उत्तर देणार होतो? "थांबावं लागत नाही" असं लिहायला घेतलं की वाटायचं, हा नवरा-बायकोचा प्रश्न, त्यात आपण कोण? "लागतं" असं लिहायला घेतलं की हात अडायचा. आणि कधी कधी, लिहिता लिहिता, मला न्हाणीतली ती ओली फरशी दिसायची आणि घरात कोणी नाही असं दिसायचं. मग मी कागद फाडून टाकायचो.

इकडे घर आम्हा दोघांभोवती आवळत चाललं होतं. संगमेश्वरनं न्हाणीत धरायला दांडा बसवला. ओसरीच्या पायऱ्या एकट्यानं उतरायच्या नाहीत असं सांगितलं. मंजुश्रीनं देवळात जाणं सोडलं. आमच्या घरी होणाऱ्या गटाच्या बैठका दुसरीच्या घरी होऊ लागल्या. ऊन आत येऊ नये म्हणून दारं दिवसभर ओढलेली असायची. मी मागण्याआधी पाणी यायचं, मी उठण्याआधी काठी पुढे यायची. कैद्याला पाणी वेळेवर मिळतं तसं सगळं मिळत होतं. ती स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत. मधल्या दाराचा पडदा पंख्यानं हलायचा. कधी कधी ती माहेरी फोन लावायची आणि कन्नडमध्ये हळू हळू बोलायची. मला त्यातलं एवढंच कळायचं की ती पुन्हा पुन्हा "बेडा, बेडा" म्हणते आहे, म्हणजे नको, नको. ती काय नको म्हणत होती, ते कळत नव्हतं.

मेच्या शेवटी एक दिवस मंजुश्री परसात धुणं धूत असताना मी पायऱ्या उतरलो. काही ठरवून उतरलो नाही. खोलीत फार कोंडल्यासारखं झालं होतं. काठी टेकत देवळापर्यंत गेलो. सभामंडपात गटाच्या बायका राहिलेली चिंच फोडत होत्या. सगळ्यांत वयस्कर कस्तुराबाईनं वर पाहिलं आणि हातातली हातोडी खाली ठेवली.

"अगं बया! अण्णा, तुमी उठलाव?"

"उठलो म्हणजे?"

"आमाला वाटलं तुमी हातरुणालाच खिळलाव."

"कोण म्हणालं?"

"गाव म्हनतंय. संगमेश्वर दुकानावर सांगतोय म्हनं, बापाचं समदं जाग्यावर करावं लागतंय." तिनं मला वरून खाली पाहिलं. "तुमी तर चांगले चालून राहिलाव की!"

एका बाईनं पदर तोंडाला लावला. दुसरी म्हणाली, "तोंड मिट ग, देवळात हाव आपण," आणि तीच आधी हसली.

"मंजुश्री काय म्हणते?" मी विचारलं.

"तिला इचारलं मी. तसं न्हाई म्हनली. मग कसं हाय सांग म्हनलं, तर सांगंना. पानी भरायला आलती, हांडा उचलून गेली." कस्तुराबाईनं हातोडी पुन्हा उचलली. "आमचं काय न्हाई अण्णा. पर नांदेडला तीच जायला पायजे. आमी गेलो तर तिथं नुसतं झोपून येऊ."

मी परत फिरलो. रस्ताभर माझ्या मनात संगमेश्वरचा राग जमत होता, पण तो घरापर्यंत टिकला नाही. त्यानं खोटं सांगितलं होतं हे खरं. पण मी जाग्यावरच तर होतो. त्याच्या खोट्याला माझं बसून राहणं पुरावा म्हणून पुरत होतं.

घरात कारळ भाजल्याचा वास होता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलो आणि खाकरलो. मंजुश्रीनं पदर ओढला आणि कढईकडे तोंड केलं. मी निघून जाण्याची ती वाट बघत होती. मी उभाच राहिलो.

"पत्र आलं होतं," मी म्हणालो. कोणाला म्हणालो ते माझं मलाच कळेना. कढईलाच म्हणालो असेन.

तिनं कालथ्यानं कारळ हलवलं.

"हाव. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं," ती म्हणाली. "मीच ठिवलं तुमच्या पुस्तकावर."

"तुला माहीत होतं?"

"तिचं अक्षर वळखते मी. तिनं फोनवर सांगितलंबी हुतं, आजोबांना इचारते म्हणून." तिनं गॅस बारीक केला. "रोज झाडताना कोपऱ्यात कागद गावायचे. फाडलेले."

"वाचलेस?"

"फाडलेलं कशाला वाचू?"

मला बसावंसं वाटत होतं, पण स्वयंपाकघरात माझी बसायची जागा नव्हती. मी चौकट धरली.

ती अजून पाठमोरीच होती. "मामा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच हाक मारली. "मला वाटलं, तुमाला मी घरात पायजे. त्यात वाईट काय न्हाई. पर तसं म्हणायचं. एक शब्द म्हणायचा. मी रोज वाट बघून राहिले. आज म्हणतेल, उद्या म्हणतेल. हाव म्हणले असते तरी चाललं असतं मला, न्हाई म्हणले असते तरी. तुमी कायच म्हणंनात."

तिचा आवाज चढला होता. मी बायकोचाही चढलेला आवाज कधी नीट सोसला नव्हता. पळून जावंसं वाटलं.

"मला तू घरात हवी आहेस," मी म्हणालो. "भीती वाटते मला. पण म्हणून तू थांबावंस असं नाही. ते दोन वेगळं आहे. मला ते नीट मांडता आलं नाही."

"आता मांडलंच की."

"लुंबिनीला फोन कर. येते म्हणून सांग."

ती वळली. घामानं विभूती कपाळावर पसरली होती. "मी न्हाई करणार. मी एकदा नको म्हणून बसलेय. आता तिनं तुमाला इचारलंय. आन् ह्यांना कोण सांगणार?"

ते मला माहीत होतं. विचारायची गरज नव्हती.

रविवारी दुकान बंद असतं. संगमेश्वर अंगणात मोटरसायकल धूत होता. मी पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेलो.

"अण्णा, पायऱ्या!" तो ओरडला.

"उतरलो. झालं." मी वाक्यं मनात घोकून आलो होतो, त्यातलं पहिलंच विसरलो. "संगमेश्वर, मंजुश्रीला नांदेडला जायचं आहे."

त्यानं फडकं पिळलं. "ती बोलली का तुमच्याशी?"

"बोलली."

"कोणाकरवी?"

"कोणाकरवी नाही."

त्यानं फडकं टाकीवर फिरवलं. मग म्हणाला, "मी नको म्हणालो न्हाई. तुमचंच—"

"तेच सांगायला आलो. माझं नाव पुढं करू नकोस. तुला नको असेल तर तुझ्या नावानं नको म्हण."

"आन् न्हाणीत पडलाव परत तर?"

"पडेन. तू उचल. किंवा कस्तुराबाईला सांगून ठेव, ती हसेल आधी, पण उचलेल."

"भाकरी कोण करंल?"

"भात करीन."

"तुमाला चहा येईना, भात म्हणं." त्यानं फडकं बादलीत टाकलं. "दुकानात चार माणसं रोज इचारतात अण्णा. बायको लातूरला स्टॉल लावती म्हणं, आता नांदेडला राहणार म्हणं. ती तिथं तीन महिने राहून आली, की हितं करमंल का तिला? तुमीच सांगा. तुमी लई पुस्तकं वाचलाव."

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. तोही भ्यालेला होता. माझ्या आजारपणामागे तो लपला होता, जसा मी त्याच्या नवरेपणामागे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि कुठल्या पुस्तकात वाचल्याचंही आठवेना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तिला विचार."

तो हो म्हणाला नाही, नकोही नाही. ओल्याच गाडीला किक मारून गेला. मंजुश्री दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिनं माझ्याकडे. आता पुढे काय, हे दोघांनाही कळत नव्हतं. घर होतं तिथंच होतं.

मी आत जाऊन कागद घेतला. या वेळी एकच खर्डा केला.

"चि. लुंबिनीस, आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला. तू विचारलंस, तुझ्या वहिनीला माझ्यासाठी थांबावं लागतं का. नाही. मला भीती वाटते, पण ती माझी आहे, तिच्यासाठी तुझ्या वहिनीनं थांबू नये. संगमेश्वर अजून हो म्हणालेला नाही. तो काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. जागा असेल तर तिचं नाव ठेव. चटणीत हल्ली मीठ थोडं जास्त पडतं, असं मला वाटतं; कदाचित माझी चव गेली असेल."

शेवटचं वाक्य खोडावं की ठेवावं, यावर थोडा अडलो. ठेवलं.

आमच्या गावातली टपालपेटी कधीच काढून नेली आहे. पोस्टमन आठवड्यातून कधी येईल सांगता येत नाही. सोमवारी सकाळी मी पाकीट खिशात घातलं आणि थांब्याकडे निघालो.

"उन्हाचं जाताव," मंजुश्री मागून म्हणाली. "टोपी घ्या."

मी परत येऊन टोपी घेतली.

एसटीत गर्दी होती. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, संगं कोण हाय?" मी म्हणालो, कोणी नाही. त्यानं पुढच्या बाकावरच्या एका पोराला उठवून मला बसवलं. मला ते आवडलं नाही, पण बसलो. निलंग्याला उतरल्यावर क्षणभर दिशा कळेना. जिथे आयुष्यभर नोकरी केली त्या गावात मी एका रसवंतीवाल्याला पोस्ट कुठे म्हणून विचारलं. त्यानं ऊस चरकात घालता घालता मानेनंच दाखवलं. मी पोस्टाच्या समोरच उभा होतो.

पोस्टाच्या भिंतीवर लाल पेटी होती. पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. पिनकोड बरोबर असावा. पाकीट फटीत सरकवलं, पण अर्ध्यावर ते माझ्याच बोटांत राहिलं. मागे एक बाई रजिस्टरचं पाकीट घेऊन रांग विचारत उभी होती. "टाका की काका," ती म्हणाली. "आत जाऊ द्या मला."

मी बोटं सोडली.